दुबईला फ्रँचायजी द्यायची? आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे ते बघा

विचारणाऱ्या भाऊंचा प्रश्न थोडक्यात असा. लातूरला वडिलांनी सुरू केलेलं हॉटेल आहे, धपाटे, येसर आमटी, सुशीला, शेंगदाण्याची चटणी, सगळं आपलं मराठवाडी. आठ महिन्यांपूर्वी नांदेडला मेहुण्यासोबत भागीदारीत दुसरं काढलं. आता दुबईतला एक ओळखीचा म्हणतोय की २५ लाख देतो, फ्रँचायजी मला द्या, दर महिन्याच्या नफ्यातले १० टक्के पाठवीन. त्याने चार पानांचं ॲग्रीमेंट व्हॉट्सॲपवर पाठवलंय आणि त्यात एरिया म्हणून 'संपूर्ण गल्फ' लिहिलंय. सही करू का, आणि परदेशात फ्रँचायजी द्यायला कोणता कायदा लागतोय?

सही करू नका, निदान या चार पानांवर तरी नाही. माणूस वाईटच असंल असं मी म्हणत नाही, चांगलाही असंल. पण मी संभाजीनगरला वीस वर्षं हीच कागदं करतोय आणि एक गोष्ट कळली की फ्रँचायजी म्हणजे आपली शेती बटईने देणं. बटईदार चांगला की वाईट हे नंतर, आधी सातबारा कुणाच्या नावावर आहे आणि उद्या शेत परत घ्यायचं म्हटलं तर घेता येतंय का, एवढं बघायचं.

तर पहिला सातबारा, म्हणजे नाव. तुम्ही प्रश्नात ट्रेडमार्कचा शब्दही काढला नाही म्हणजे बहुतेक केलेला नाही. लातूरचं हॉटेल वडिलांच्या नावावर, नांदेडचं तुमच्या आणि मेहुण्याच्या भागीदारीत, आणि दुबईचा करार तुम्ही एकटे करणार. मग नाव नेमकं कुणाचं? हे घरातल्या घरात आधी कागदावर घ्या, मालक एकच ठरवा (वडील, तुम्ही किंवा एखादी कंपनी) आणि बाकीच्यांना त्या मालकाकडून वापरायची लेखी परवानगी द्या. मेहुण्याला राग येईल, येऊ द्या, आज आलेला परवडतोय.

भारतात अर्ज ऑनलाइन होतोय, एका माणसाच्या किंवा छोट्या उद्योगाच्या नावाने केला तर एका क्लासला (म्हणजे माल-सेवेच्या एका वर्गाला) सरकारी फी ४,५०० रुपये, नाहीतर ९,०००. हॉटेल सेवेचा क्लास ४३, मसाल्याचा ३०, लोणच्यासारख्या गोष्टी २९ मध्ये येतात. तुम्ही येसर नि काळा मसाला पाकिटात विकणार असाल तर फक्त ४३ घेऊन भागत नाही. आणि नाव जर नुसतंच 'लातूर धपाटे' छापाचं असंल तर रजिस्ट्रार हरकत घेणार, कारण गाव आणि पदार्थ हे दोन्ही कुणा एकाच्या मालकीचे नसतात. लोगो, एखादा वेगळा शब्द, काहीतरी तुमचं पाहिजे त्यात.

आता महत्त्वाचं. भारतातला ट्रेडमार्क भारतातच चालतो, दुबईत त्याची किंमत शून्य. तिथे वेगळा करावा लागतोय. दोन रस्ते आहेत, एक तर थेट तिथला वकील धरून, दुसरा माद्रिद प्रोटोकॉलने (ट्रेडमार्क नोंदणीचा आंतरराष्ट्रीय करार), त्यात भारत ८ जुलै २०१३ पासून आहे आणि युएई डिसेंबर २०२१ पासून. माद्रिदमध्ये इथल्या अर्जाच्या आधारावर एकाच फॉर्ममधून बरेच देश निवडता येतात, मूळ फी ६५३ स्विस फ्रँक (रंगीत लोगो असंल तर ९०३), वर प्रत्येक देशाची वेगळी. पण एक खोच आहे जी एजंट लोक सांगत नाहीत, की पहिली ५ वर्षं तो सगळा डोलारा तुमच्या इथल्या अर्जावर उभा असतो, इथला अर्ज पडला की बाहेरचा पण पडला. म्हणून नाव कच्चं असंल तर माद्रिदच्या मागे न लागता थेट तिथेच करा. इथे अर्ज केल्यापासून ६ महिन्यांच्या आत बाहेर केला तर तारीख इथलीच धरली जाते, त्यामुळे लै दिवस लोळत पडू नका. आणि अरबी लिपीतलं नाव पण नोंदवा, पाटीवर तेच लागणार आहे.

मोठमोठ्यांची पण यात फजिती झालेली आहे. ऑस्ट्रेलियात बर्गर किंगला स्वतःचं नाव मिळालं नाही कारण ते तिथे आधीच दुसऱ्याकडे होतं, म्हणून १९७१ पासून तिथे तेच दुकान हंग्री जॅक्स म्हणून चालतंय. माझ्या एका पक्षकाराचं याहून वाईट झालं, त्याच्या पार्टनरने तिकडे दुकानाचं लायसन्स काढताना 'सोबतच करून टाकतो' म्हणून ट्रेडमार्क स्वतःच्या नावावर करून टाकला. आमच्या माणसाला दोन वर्षांनी कळलं. स्वतःच्या आज्याच्या नावाचं दुकान त्या देशात काढायला त्यालाच आता परवानगी मागावी लागते. म्हणून करारात सरळ लिहा की तिथे आमच्या नावाचं, त्याच्यासारख्या दिसणाऱ्या नावाचं, डोमेनचं, इन्स्टाग्राम पेजचं रजिस्ट्रेशन फ्रँचायजी घेणारा करणार नाही, केलंच तर ते आमच्यासाठी केलं असं धरलं जाईल आणि मागितलं की देईल.

आता कायद्याचं. भारतात फ्रँचायजीचा वेगळा कायदाच नाही. कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२, ट्रेडमार्क ॲक्ट १९९९, फेमा (परकीय चलनाचा कायदा), जीएसटी, अशी गोधडी शिवून काम चालतंय. त्यामुळे आपल्याकडच्या लोकांना वाटतं की बाहेर पण तसंच, दोघांनी सह्या केल्या की झालं. तसं नाही. बऱ्याच देशात फ्रँचायजी 'द्यायच्या आधीच' कायदा सुरू होतो.

अमेरिकेचं सांगतो कारण दुबईनंतर तुम्हाला फोन न्यू जर्सीहूनच येणार. तिथे फेडरल ट्रेड कमिशनचा फ्रँचायजी रूल आहे, १९७९ पासूनचा, २००७ मध्ये सुधारलेला. त्याप्रमाणे २३ मुद्द्यांचं एक डिस्क्लोजर डॉक्युमेंट तयार करावं लागतंय, त्यात मालकांचा इतिहास, कोर्टकज्जे, एकूण खर्चाचा अंदाज, किती दुकानं उघडली किती बंद पडली, ऑडिट केलेले आकडे, सगळं. ते समोरच्याच्या हातात दिल्यावर १४ दिवस थांबायचं, त्याआधी सही नाही आणि एक रुपया पण घ्यायचा नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, इलिनॉय अशा काही राज्यांत तर ते राज्य सरकारकडे आधी नोंदवावं लागतंय. मग आपले हुशार लोक म्हणतात, आम्ही फ्रँचायजी म्हणतच नाही, 'लायसन्स' म्हणू. नावावर जात नाहीत ते. नाव तुमचं, पद्धत तुमची किंवा तुमची बऱ्यापैकी मदत, आणि त्याने तुम्हाला द्यायचे पैसे, या तीन गोष्टी जुळल्या की ती फ्रँचायजी, मग वर काही पण लिहा. आणि 'महिन्याला एवढे सुटतात' असं चहा पिता पिता बोलायची जी आपली सवय आहे, ती तिथे भोवते. कमाईचा दावा करायचा तर त्याच डॉक्युमेंटमध्ये, आधारासकट.

कॅनडात हे प्रांताप्रांतावर आहे. ओंटारिओत डिस्क्लोजर दिलंच नाही तर घेणाऱ्याला २ वर्षांपर्यंत करार मोडून पैसे परत मागता येतात, म्हणजे त्याचं दुकान चाललं नाही तर त्याचा वकील पहिला हाच कागद शोधणार. मलेशियात १९९८ चा फ्रँचायजी ॲक्ट आहे, बाहेरच्याला आधी तिथल्या रजिस्ट्रारची मंजुरी. ऑस्ट्रेलियात सही केल्यावर सुद्धा १४ दिवस विचार बदलायची मुभा. इंग्लंडमध्ये उलट, खास कायदा नाही, करारात लिहाल ते.

आता तुमच्या त्या 'संपूर्ण गल्फ' वर येतो. गल्फ म्हणजे एक जिल्हा नाही, सहा देश आहेत नि सहांचे कायदे वेगळे. सौदीचा स्वतःचा फ्रँचायजी कायदा एप्रिल २०२० पासून लागू आहे, त्यात डिस्क्लोजर १४ दिवस आधी, करार अरबीत, नोंदणी, आणि शिवाय तुमचा धंदा त्याच मॉडेलने किमान १ वर्ष दोन ठिकाणी किंवा दोन जणांनी चालवलेला पाहिजे. तुमचं नांदेड आठ महिन्यांचं आहे. म्हणजे आजच्या तारखेला तुम्ही सौदीत फ्रँचायजी देऊच शकत नाही, आणि तुमच्या चार पानांत ती देऊन मोकळे झालेत! चीनमध्ये पण असंच, दोन स्वतःची दुकानं एक वर्षापेक्षा जास्त चाललेली पाहिजेत.

युएईत फ्रँचायजीचा वेगळा कायदा नाही हे खरं, पण तिथे कमर्शियल एजन्सीचा कायदा आहे आणि तो समजायला मराठवाड्याच्या माणसाला वेळ लागत नाही. आपल्याकडे १९५० चा हैदराबाद कूळकायदा होता ना, संरक्षित कूळ लागलं की मालक नुसता बघत राहायचा, तसंच. फ्रँचायजी घेणाऱ्याने तो करार तिथल्या अर्थ मंत्रालयात एजन्सी म्हणून नोंदवला की तो संरक्षित होतो, दुसऱ्याने तुमचा माल आणला तर कस्टममध्ये अडवू शकतो, आणि जुन्या १९८१ च्या कायद्यात तर मुदत संपली तरी त्याला काढणं मुश्किल होतं. २०२२ च्या नव्या कायद्याने (जून २०२३ पासून लागू) नोटीस देऊन मुदतीनंतर संपवायची वाट काढली, तरी नुकसानभरपाईचं भांडण राहतंच. ही नोंदणी मुख्यतः अमिराती लोकांसाठी नि त्यांच्या कंपन्यांसाठी आहे. तुमचा ओळखीचा भारतीय आहे म्हणून आज त्याच्या नावावर ती होणार नाही, पण उद्या त्याने लोकल पार्टनर घेतला नि हक्क त्या कंपनीकडे वळवले तर? म्हणून दोन ओळी नक्की टाका, एक, आमच्या लेखी परवानगीशिवाय करार कुठेही एजन्सी म्हणून नोंदवायचा नाही, दोन, हक्क दुसऱ्याला द्यायचे नाहीत, कंपनीचे शेअर विकणं सुद्धा त्यातच धरायचं. आणि तो जर म्हणाला की करार नोटरी करून दूतावासाचा शिक्का मारून पाठवा, तर कामून पाहिजे ते आधी विचारा. बँकेला, म्युनिसिपालटीला लागतोय म्हणाला तर ते खरंही असू शकतंय, पण नोंदणीला सुद्धा तसाच कागद लागतो.

एरियाचं मी स्वतः खाल्लेलं आहे. पहिल्या अशा कामात पक्षकार म्हणाला लिहा हो साहेब गल्फ, आपल्याला कुठं जायचंय सहा देशात, आणि मी लिहू दिलं. पार्टनरने शारजात एक दुकान काढलं नि बसला. मस्कतचा चांगला माणूस आला, दोह्याचा आला, दोघांना नाही म्हणावं लागलं कारण हक्क त्या एकाच्या खिशात. तेव्हापासून मी एकच शहर देतो, पुढचं हवं असंल तर वेळापत्रक, पहिल्या वर्षी एक, तिसऱ्या वर्षापर्यंत तीन, नाही जमलं तर एकाधिकार आपोआप संपला, दुकान चालू राहू दे पण बाकीचा एरिया आमचा. मास्टर फ्रँचायजी, म्हणजे पुढे तोच दुसऱ्यांना देणार, हे तर तुमच्या स्टेजला अजिबातच नको. दोन दुकानांवर मास्टर देणं म्हणजे स्वतःला पाणी नसताना शेजाऱ्याला पाट काढून देणं.

पैशाचं. नफ्यातले १० टक्के ही अट आधी खोडा. नफा किती हे तोच ठरवणार, त्यात त्याचा पगार, गाडी, मुलाच्या शाळेची फी सगळं बसतंय आणि तुमच्या वाट्याला दरवर्षी तोटा येतोय. रॉयल्टी नेहमी एकूण विक्रीवर घ्यायची, टक्का कमी चालेल, जेवणाच्या धंद्यात ५-६ टक्के काही जास्त नाही. विक्रीत डिलिव्हरी ॲपवरची विक्री धरायची, ॲपचं कमिशन कापायच्या आधीची. बिलिंग सॉफ्टवेअरचं लॉगिन तुमच्याकडे, आणि वर्षातून एकदा हिशोब तपासायचा हक्क. शिवाय विक्री नसली तरी दरमहा किमान एवढे, असा खालचा आकडा.

हे पैसे बँकेतूनच यायला पाहिजेत, परकीय चलनात. इथे जरा स्पष्ट बोलतो कारण आपल्याकडे गल्फचा पैसा म्हटलं की 'इथं माझा भाऊ देईल तुम्हाला कॅश' हे लगेच येतंय. ते हवाला आहे, फेमाचा भंग आहे, आणि वर तुमचा जीएसटीचा फायदा पण जातो. रॉयल्टी बाहेरून परकीय चलनात आली तर ती सेवेची निर्यात धरतात आणि दरवर्षी एलयूटी (जीएसटीचं निर्यातीसाठीचं हमीपत्र) भरून ठेवलं असंल तर त्यावर टॅक्स न भरता बिल काढता येतंय. बँकवाला पर्पज कोड (पैसे कशाचे आले त्याचा) विचारेल, फ्रँचायजीचा वेगळा कोड आहे, 'कन्सल्टन्सी' वगैरे सांगून मोकळे होऊ नका. इन्कमटॅक्सचं म्हणाल तर भारत-युएई करारात रॉयल्टीवर तिथे जास्तीत जास्त १० टक्के कापायची सोय आहे पण सध्या तिथे कपात शून्य आहे, अमेरिकेत मात्र करारानुसार १५ टक्क्यांपर्यंत कापतात, ते इथल्या टॅक्समधून वजा मागता येतंय पण कपातीचा पुरावा नि फॉर्म वेळेत पाहिजे. सीए तुमचा तुम्ही बघा, माझं ते क्षेत्र नाही पूर्ण.

येसरची रेसिपी. पेटंट मिळणार नाही, घरोघरी आहे ती. गुपित कागदावर नाही टिकत, पाकिटात टिकतंय. म्हणजे मसाला लातूरहूनच तयार जाऊ द्या, तिथल्या आचाऱ्याला प्रमाण सांगायचं नाही, फक्त पाकीट फोडायचं नि किती लिटरला किती टाकायचं ते. यासाठी आयईसी नंबर (आयात-निर्यातीचा), एफएसएसएआय लायसन्स (खाद्यपदार्थांचं) आणि मसाला आहे म्हणून स्पायसेस बोर्डाचं निर्यातदार प्रमाणपत्र लागतंय. २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरने इथिलीन ऑक्साईड सापडलं म्हणून भारतीय मसाले अडवले होते, आठवत असंल. तसा तुमचा कंटेनर अडकला तर नुकसान कुणाचं, तोवर दुकान कोणता मसाला वापरणार, हे लिहिलेलं पाहिजे, नाहीतर तो तिथल्या बाजारातला मसाला टाकून तुमच्या नावाने विकणार. मसाला पुरवायचा करार वेगळा करा पण दोन्ही एकमेकाला बांधा, फ्रँचायजी संपली की पुरवठा संपला.

आचारी तुम्ही पाठवणार असाल तर व्हिसा त्याने काढायचा, नोकर त्याचे, तुमचे नाहीत. व्हिजिट व्हिसावर 'तीन महिने शिकवून ये' असं बिलकुल नको, पोरगं तिथे काम करताना सापडलं तर भोगणार ते. आणि आपले बरेच आचारी दहावी पास नसतात, त्यांना नोकरीसाठी युएईला जायला इमिग्रेशन क्लिअरन्स लागतोय, तो वेळ धरून चला.

भांडण झालं तर कुठे? सगळे म्हणतात लातूर कोर्ट लिहा. लिहाल, निकाल पण लागेल, पण त्याची मालमत्ता दुबईत, तो निकाल तिथे बजावून घेण्यात तुमचं आयुष्य जाईल. उलट बाजू लोकांना माहीतच नसते. जानेवारी २०२० ला भारताने युएईच्या कोर्टांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली मान्यता दिली, म्हणजे तिथल्या कोर्टाने तुमच्याविरुद्ध दिलेला पैशाचा निकाल थेट इथल्या जिल्हा कोर्टात बजावता येतो. तेव्हा त्याच्या दुकानाच्या भाड्याला किंवा कर्जाला 'फक्त नावापुरती' गॅरंटी म्हणून सही मागितली तर आपलं घरचं शेत डोळ्यासमोर आणा. माझा कल लवादाकडे (कोर्टाबाहेर दोघांनी नेमलेला पंच) आहे, कारण १९५८ च्या न्यूयॉर्क कन्व्हेन्शनमध्ये भारत पण आहे नि युएई पण, निवाडा दोन्हीकडे चालतो. पण २५ लाखाच्या करारात सिंगापूरचे तीन लवाद लिहू नका, फीमध्येच २५ लाख जातील. एकच लवाद, मुंबई किंवा दुबई, भाषा इंग्रजी, आणि ट्रेडमार्कसाठी मात्र तातडीचा मनाई हुकूम कुठल्याही कोर्टातून घ्यायची मोकळीक ठेवा.

कायदा कोणता लावायचा यात पण एक गंमत आहे. आपल्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम २७ मुळे करार संपल्यावर 'दोन वर्षं असा धंदा करायचा नाही' ही अट भारतात टिकत नाही. म्हणून भारतीय कायदा लिहून वर ती अट घातली तर ती शोभेची. त्यावर विसंबू नका, विसंबायचं ते नाव, मसाला आणि जागा यावर.

जागा म्हणतोय ते यासाठी की शेवट नेहमी दुकानात होतो, कोर्टात नाही. मॅकडोनल्ड्सचं इथलं प्रकरण बघा, उत्तर आणि पूर्व भारतातल्या पार्टनरशी, विक्रम बक्षींशी, २०१३ ला बिनसलं, २०१७ ला कंपनीने १६९ दुकानांचा करार रद्द केला, तरी त्यातली बरीचशी त्याच पाटीखाली चालू राहिली, आणि शेवटी २०१९ ला तडजोड करून त्यांचा हिस्सा विकत घ्यावा लागला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, आपण तर कुठले. म्हणून करार संपायची कलमं सगळ्यात लांब पाहिजेत. रॉयल्टी किती दिवस थकली की नोटीस, सुधारायला किती दिवस, मग पाटी किती दिवसात उतरवायची, दुकानाचा भाडेकरार तुमच्या नावाने वळवता येईल असं घरमालकाचं पत्र आधीच, गुगलवरची नोंद, डिलिव्हरी ॲपचं खातं, ज्या मोबाईल नंबरवर ऑर्डरी येतात तो नंबर, सगळं परत. तुमच्या चार पानांत मी शोधलं, संपायचं एकही कलम नाही. मुदत सुद्धा नाही.

तर आत्ता करायचं एवढंच की त्याला लिहा, दादा, तुम्ही उत्सुक आहात आनंद वाटला, कागदं करायला सहा महिने द्या, तोवर हा गुप्ततेचा दोन पानी करार सही करून पाठवा म्हणजे मेनू नि खर्चाचं बोलता येईल. २५ लाख घेऊ नका, टोकन पण नको. या आठवड्यात वडील आणि मेहुण्याला बसवून नाव कुणाचं ते ठरवा आणि ट्रेडमार्कचा अर्ज टाका, मग युएईचा. तोवर नांदेडचं वर्ष भरतंय. वर्षाचे नांदेडचे आकडे कसे आले ते मला नक्की कळवा, कारण ते दुकान तुमच्याशिवाय चालत नसंल, दर शनिवारी तुम्हालाच लातूरहून गाडी काढावी लागत असंल, तर दुबईचा कागद काढायची मला घाई नाही.